रकाना क्रमांक पाच: पूर्वीचा धर्म

चार माणसं एकत्र बसलेली दिसली की मला त्यांची नावं लिहून घ्यावीशी वाटतात. ही खोड नोकरीतून आली. तेहेतीस वर्षं मी नाशिक रोडच्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावक लिपिक होतो. आलेलं पत्र आवकला, निघालेलं जावकला, आणि ज्याला नंबर पडला नाही ते पत्र जगात आलंच नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान. निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते की यांच्या टेबलावरून एकही कागद कधी गहाळ झाला नाही. त्या एका वाक्यावर मी आजतागायत जगतोय. आमच्या हिचं म्हणणं असं की लग्नाचा विषय मी वर्षातून एकदा काढतो आणि त्या वाक्याचा आठवड्यातून दोनदा.

निवृत्त झालो आणि आमच्या मंडळीनं मला सेक्रेटरी केलं. आम्ही मराठी ख्रिस्ती माणसं आमच्या चर्चमधल्या लोकांना मिळून मंडळी म्हणतो. शहरात घंटा असलेली, दगडी भिंतींची जुनी चर्चेस आहेत. आमचा मात्र एका कॉलनीच्या टोकाला पत्र्याचा हॉल. वर लाकडी क्रूस, आणि तोही सुताराच्या चुकीमुळे एका बाजूला दोन इंच लांब. रविवारी सकाळी साठ-सत्तर माणसं जमतात. निम्मी पिढ्यान्‌पिढ्यांची ख्रिस्ती. बाकीची अशीच येतात. कोणी शेजारणीबरोबर, कोणी घरातल्या आजारपणासाठी प्रार्थना मागायला, कोणी नुसतं बसायला. अशांना काही विचारायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत होती. आलात, बसा. गायनाचं पुस्तक हातात द्यायचं, पान काढून द्यायचं, निघताना चहा द्यायचा. नाव त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकायचं.

ती रीत मी मोडली.

जूनमध्ये मी दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. लाल शाईनं समास आखला आणि प्रत्येक पानावर सहा रकाने पाडले. अनुक्रमांक, नाव, गाव, मोबाइल, पूर्वीचा धर्म, शेरा. पाचवा रकाना कशाला, असं पुढे मला पुष्कळांनी विचारलं. मोठं काहीतरी उत्तर असेल अशी त्यांची अपेक्षा असायची. खरं कारण इतकंच होतं की पान रुंद होतं आणि मोबाइल नंबरानंतर जागा उरली होती.

दाराशी टेबल टाकून मी बसू लागलो. आलेल्या माणसाला "नाव?" असं विचारताना माझा आवाज आपोआप कार्यालयातला व्हायचा. गरीब माणसं सरकारी आवाजाला उत्तर देतातच. कोणी नाही म्हटलं नाही. दाराशी नाव, गाव, नंबर मी सुट्या कागदावर टिपायचो; रजिस्टर घरीच असे, पाचवा रकाना मी तिथंच अंदाजानं भरायचो, आणि शेऱ्याचाही, वरिष्ठ जसे कनिष्ठांचे गोपनीय अहवाल लिहितात तसा. ‘नियमित.’ ‘गातात, पण बेसूर.’ ‘पावसात येत नाहीत.’ आणि सत्तेचाळिसाव्या अनुक्रमांकावर, सुरगाण्याकडच्या एका बाईंपुढे: ‘प्रार्थनेत रडतात. आशा आहे.’

ऑक्टोबरात पंचांच्या वार्षिक बैठकीत मी ते रजिस्टर मांडलं. पंच म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. आम्ही पाचजण होतो. तरुण पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू; एक निवृत्त मुख्याध्यापिका; रेल्वेतून निवृत्त झालेले सायखेड्याचे एक गृहस्थ; एक विमा एजंट; आणि मी. चौघांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेब हसत म्हणाले की वर देवाकडे एक पुस्तक आहे, खाली आपल्या सेक्रेटरींकडे एक. मला ती स्तुती वाटली. वरच्या पुस्तकाची प्रत कोणाला मागता येत नाही, हा फरक तेव्हा लक्षात आला नाही.

नोव्हेंबरपासून हॉलच्या फाटकासमोर एक माणूस उभा राहू लागला. पस्तिशीतला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात छोटी वही. तो आत येत नसे, कोणाला अडवत नसे. लावलेल्या गाड्यांचे नंबर लिहायचा आणि उपासना संपेपर्यंत थांबून कोण कोणाबरोबर निघतं ते बघायचा. शेवटी सगळ्यांना नमस्कार करायचा. तो नमस्कार इतका अदबीचा असे की आमच्यातले दोन-तीन म्हातारे त्याला आमच्या ख्रिस्ती रीतीनं उलट सलाम करायचे. तिसऱ्या रविवारी त्याचं पेन चालेना. तो ते हातावर घासत होता. मला राहवलं नाही. लिहिणाऱ्या माणसाची अडचण मला बघवत नाही. मी खिशातलं माझं पेन काढून त्याला दिलं.

"थँक्यू काका," तो म्हणाला. "छान लिहितं हो."

पेन त्यानं परत केलं नाही. मीही मागितलं नाही. घरी सांगितलं तेव्हा ही पोळी लाटता लाटता थांबली. म्हणाली, वहीपण नेऊन द्यायची होती, भाबडी माणसं पूर्ण सेवा देतात. मी हसलो. ती हसली नव्हती हे मला पोळी पानात पडल्यावर कळलं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोलिसांकडून फोन आला. जरा भेटून जा, काही विशेष नाही. मी इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं नाताळच्या बंदोबस्ताचं असेल. समोर बसलेले अधिकारी माझ्या मुलाच्या वयाचे, अतिशय सभ्य. त्यांनी चहा मागवला. सिंहस्थ तोंडावर आलाय, सगळ्याच धर्मस्थळांची माहिती गोळा करतोय, असं म्हणाले. हॉल कोणाच्या नावावर, पाळक कुठले, किती माणसं येतात, सगळं विचारून झालं. मग कप खाली ठेवत त्यांनी सहज विचारलं, "येणाऱ्यांची काही यादीबिदी असते का काका?"

इथं कुठल्याही शहाण्या माणसानं ‘नाही हो, कुठली यादी’ म्हणायलाही नको होतं, कारण ते खोटं झालं असतं. पण चहाचा घोट घेऊन गप्प बसता आलं असतं. मी काय केलं? मी दुखावलो गेलो. तेहेतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोणी यादीबिदी विचारतं?

"यादी?" मी म्हणालो. "साहेब, रजिस्टर आहे."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. फार आनंद झाला काका, असं म्हणाले. सोमवारी घेऊन या, बघून लगेच परत देतो. निघताना ते मला दारापर्यंत सोडायला आले. साहेबलोक मला दारापर्यंत सोडायला आल्याचा तो आयुष्यातला पहिलाच प्रसंग, आणि मी मान ताठ करून बाहेर पडलो. बाहेरच्या बाकावर पांढऱ्या शर्टातला तो माणूस बसला होता. त्यानं उठून नमस्कार केला. त्याच्या खिशाला माझं पेन होतं.

मग मात्र घरी येऊन मी रजिस्टर उघडलं आणि पहिल्यांदाच ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचलं. पूर्वीचा धर्म. आशा आहे. एकशे बारा नावं, त्यातली पन्नासेक आमच्या पिढीजात घरांबाहेरची. गाव आणि फोन नंबरसकट, सुवाच्य अक्षरात. बाप्तिस्मा घेतलेला त्यांच्यात एकही नव्हता. पण माझा पाचवा रकाना वाचणाऱ्याला वाटणार की या सगळ्यांचा आधी एक धर्म होता आणि आता तो नाही. आणि सहावा रकाना सांगणार की सेक्रेटरी आशा बाळगून आहे.

शनिवारी पंचांची तातडीची बैठक झाली. मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं, देऊन टाका, आपण काही पाप केलेलं नाही, नाही दिलं तर लपवतोय असं दिसेल. सायखेड्याच्या गृहस्थांना नाताळची काळजी होती. हॉललाच कुलूप लागलं तर सणाला माणसांनी जायचं कुठं? पाळकसाहेब बोटातली अंगठी फिरवत होते. त्यांच्या घरी तान्हं मूल होतं. ते म्हणाले की प्रार्थना करू आणि प्रभू मार्ग दाखवील, आणि असं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. विमा एजंटाकडे मात्र तयार मार्ग होता. नवीन रजिस्टर लिहा, त्यात फक्त आपली जुनी घरं घाला, तेच द्या. तुमचं अक्षर तेच, शाई तीच, कोणाला काय कळतंय?

मला हे पटलं, हे कबूल करतो. नुसतं पटलं नाही, मला हुरूप आला. बाजारातून तसंच रजिस्टर आणलं आणि जेवणाच्या टेबलावर बसून दुपारभरात चौदा पानं उतरवली. जूनच्या पानांना जुनेपणा यावा म्हणून कोपऱ्यावर चहाचा थेंबही पाडला, आणि तो इतका झकास पडला की मी हिला दाखवायला बोलावलं.

हिनं त्या थेंबावरून बोट फिरवलं. मग तिनं विचारलं की हे खोटं रजिस्टर देऊन आल्यावर रविवारी दाराशी तुम्हीच बसणार ना, आणि सलामही तुम्हीच करणार. एवढंच विचारून ती आत गेली. मी चौदा पानं फाडली. त्यांचे बोळे करताना समास फार सरळ आलाय हे जाणवत होतं, आणि वाईट वाटत होतं. माणूस किती थराला जातो बघा.

संध्याकाळी मी शेजारच्या सरांकडे गेलो. हे सर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घर बौद्ध. वीस वर्षांचा शेजार. मी सलाम म्हणतो, ते जयभीम म्हणतात, आणि मग आम्ही बुद्धिबळात एकमेकांचे घोडे चोरतो. मी सगळं सांगितलं. मनात अशी आशा होती की ते म्हणतील, फार अन्याय होतोय हो तुमच्यावर.

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "चार वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत ते मुसलमान जोडपं भाड्यानं येणार होतं. आठवतं?"

आठवत होतं. दोघं नोकरी करणारे, बाई परिचारिका. सोसायटीनं ठराव केला होता की भाडेकरू ‘आपल्या वातावरणाला साजेसे’ असावेत. विरोधात एकटे सर.

"ठराव कोणी लिहिला होता?"

मीही चष्मा काढून पुसायला घेतला.

"फार सुंदर आलं होतं अक्षर," सर म्हणाले. "तेव्हापासून मी वाट बघतोय, तुझ्या दारात हे कधी येतं त्याची. आनंदानं नाही हां, गधड्या. भीतीनं."

वीस वर्षांत त्यांनी मला गधड्या फक्त बुद्धिबळात म्हटलं होतं. मी ख्रिस्ती माणूस. रोज जेवणाआधी डोळे मिटतो, अनोळखी माणसाला आसरा देण्यावर वर्षाला निदान चार प्रवचनं ऐकतो, आणि आसरा मागायला आलेल्या दोघांना बाहेर ठेवणारा कागद मी समास आखून लिहिला होता. तो लिहिताना माझ्या मनात एकच विचार होता, ‘साजेसे’ हा शब्द बरा सुचला.

सरांनी मग चहा केला आणि सरळ कामाचं बोलले. फाडू नकोस, जाळू नकोस, हरवलं म्हणू नकोस. खोटं बोलायचं नाही आणि द्यायचंही नाही. ते लेखी मागताहेत का? नाही ना? मग लेखी माग. कोणत्या कायद्यानं, कोणत्या कलमाखाली, कोणाच्या सहीनं. आणि शेवटी म्हणाले की ज्यांची नावं आहेत त्यांना सांगितलंस का? यादी तुझ्या हातची असली तरी माणसं तुझी नाहीत.

रविवारी दुपारी मी सत्तेचाळीस नंबरकडे गेलो. सुरुवात तिथूनच करायची ठरवलं, कारण सगळ्यात जास्त धोका तिलाच होता. ती शहरातल्या एका मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. नवरा वारलेला. गावाकडे थोडी भातशेती, आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला दीर. बाई नाशकात जाऊन बाटली, अशी आवई त्यानं गावात आधीच उठवली होती. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला नंबर लागलेला, पण जात पडताळणीचं प्रकरण समितीपुढे अडकलेलं. आदिवासी असल्याचा दाखला ग्राह्य धरला गेला तरच प्रवेश टिकणार होता. धर्म बदलल्यानं आदिवासीपण कायद्यानं जात नाही, पण हरकत आली की प्रकरण लांबतं. दिराला हरकत घ्यायला एका कागदाची गरज होती, आणि तो कागद मी लिहून ठेवला होता. हे सगळं तिनं मला पूर्वी कधीतरी चहा पिताना सांगितलेलं. मी ऐकलंही होतं. रकान्यात बसत नव्हतं म्हणून लिहिलं नव्हतं.

वसतिगृहाच्या मागच्या दारी ती पाटा धूत होती. ऐंशी मुलींचं जेवण आवरलेलं. मला बघून तिनं पदरानं स्टूल पुसलं. मी रजिस्टर पिशवीतून काढलं आणि काय झालंय ते सांगितलं. मध्ये एकही विनोद केला नाही, यावरून माझी अवस्था ओळखा.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वाचा बरं. माझं काय लिवलंय?"

मी नाव, गाव, नंबर वाचला. पाचवा रकाना वाचला. सहाव्याशी अडखळलो.

"वाचा ना बाबा."

"प्रार्थनेत रडतात. आशा आहे."

तिनं पाट्यावर पाणी ओतलं. "रविवारी मी कांदे चिरून येते," ती म्हणाली. "ऐंशी पोरींचे."

मी मान खाली घातली. तिला थोडं हसू आलं असावं, पण ते लगेच गेलं.

"कधी कधी रडते पण. ते माझं हाय. आणि आशा कसली, बाबा?"

उत्तर मला येत होतं, पण ते उच्चारायची लाज वाटली.

"मी काय ठरवलं ते मला अजून ठावं नाय," ती म्हणाली. "घरी आमचे देव हायेत, त्यांना मी सोडलं नाय. तुमच्या इथं तासभर कोन काय इचारत नाय, म्हणून येत होते. वाटायचं, एक जागा तरी हाय."

तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. लहानपणापासून मला शिकवलं होतं की देव दार ठोठावतो, दार तोडत नाही. माणसाला ‘नाही’ म्हणता येतं, ‘अजून नाही’ म्हणता येतं, वर्षानुवर्षं उंबऱ्यात उभं राहता येतं, आणि देव घाई करत नाही. घाई मी केली होती. एका बाईनं स्वतःशीसुद्धा न उच्चारलेली गोष्ट मी तिच्यातर्फे लिहून, अनुक्रमांक देऊन मोकळा झालो होतो. धर्मस्वातंत्र्य म्हटलं की आजवर मला आमचं स्वातंत्र्य डोळ्यांपुढे यायचं. आमचा हॉल, आमची गाणी, आमचा नाताळ. तिचं काहीच न ठरवण्याचं स्वातंत्र्य त्यात बसतं, आणि ते आमच्यापासूनही जपावं लागतं, हे मला पासष्टाव्या वर्षी, ओल्या पाट्याशेजारी बसून कळत होतं.

मी म्हणालो की रजिस्टर देणार नाही. ती म्हणाली, "तुम्हाला धरतील." मी म्हणालो, बघू.

सोमवारी मी रिकाम्या हातानं गेलो. तेच साहेब, तोच चहा. मी उभ्यानंच सांगितलं की आपली मागणी लेखी द्यावी, जावक क्रमांकासह, म्हणजे मला ती आवकला घेता येईल. घरून पाठ करून गेलो होतो, तरी ‘आवक’च्या जागी ‘जावक’ म्हणालो आणि सगळं उलटं झालं. साहेबांना राग आला नाही. त्यांनी हसून मान हलवली. म्हणाले, काका, नियमानं चालणारी माणसं मला आवडतात. आणि मी दाराशी पोचल्यावर मागून म्हणाले, "घरी दोघंच असता ना तुम्ही? मुलगा बेंगळुरूला."

मुलाचा विषय मी त्यांच्याजवळ कधीच काढला नव्हता.

गुरुवारी पत्र आलं. मला वाटत होतं लेखी मागितलं की प्रकरण विरेल. माझ्या कार्यालयात नव्वद टक्के प्रकरणं तशीच विरायची. पण पत्र आलं. जावक क्रमांक, दिनांक, गोल शिक्का, सगळं जागच्या जागी. कलम मात्र एकही नव्हतं. मी सवयीनं आधी पत्राचा नमुना तपासला, आणि खरं सांगतो, मनातल्या मनात दादही दिली. मग मजकूर वाचला. ‘आपल्याकडील उपस्थितांचे रजिस्टर, त्यातील पूर्वीचा धर्म व शेरा या रकान्यांसह, सात दिवसांत सादर करावे.’

मी पत्र घेऊन सरांकडे गेलो. त्यांनी वाचलं आणि विचारलं, रकान्यांची नावं तू त्यांना सांगितली होतीस? मी सगळं आठवून बघितलं. मी फक्त रजिस्टर आहे एवढंच म्हणालो होतो. ते उघडून दाखवलं होतं ते पंचांना. हिनं फक्त खोट्या रजिस्टराची चौदा पानं पाहिली होती. सुरगाण्याकडच्या बाईंना आणि सरांना कळलं ते मागाहून, आणि ते दोघं बोलणारे नव्हते. उरले चौघे. ज्यांनी ऑक्टोबरात टाळ्या वाजवल्या होत्या ते.

बुद्धिबळाचा पट मांडलेला होता, तो सरांनी आवरून ठेवला.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी, नीट आंघोळ करून मी उत्तर लिहिलं. आयुष्यात मी हजारो पत्रांवर नंबर टाकले, पण स्वतःच्या मनानं लिहिलेलं हे पहिलंच. लिहिलं की रजिस्टर माझ्याकडे आहे. ते मी माझ्या मूर्खपणानं, कोणालाही न विचारता तयार केलं. पाचव्या आणि सहाव्या रकान्यातला मजकूर हा लिहिणाऱ्याचा अंदाज असून त्या माणसांचं म्हणणं नाही. कोणी कुठं बसून प्रार्थना करावी, करावी की करू नये, हा त्यांचा हक्क आहे, आणि न्यायालयाच्या आदेशावाचून त्यांची नावं मी देणार नाही. जबाबदारी सर्वस्वी माझी, मंडळीची नाही. ‘मूर्खपणानं’ हा शब्द सरांनी खोडायला सांगितला. मी ठेवला. पत्रातलं सगळ्यात खात्रीचं विधान तेच होतं.

पत्राची पोच घेतली. संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला की सध्या तुम्ही दाराशी बसू नये, असं सगळ्यांचं मत पडलं. सूचना वाचायचं काम तेवढं राहू द्या. आवाज कोरडा होता. की घाबरलेला? त्या चौघांतल्या प्रत्येकाचा आवाज मी आता असा उलटापालटा करून ऐकत असतो. पाळकसाहेबांनी खांद्यावर हात ठेवला तरी मला प्रश्न पडतो की हा हात सांत्वनाचा की माफीचा. चौघांपैकी तिघं निर्दोष आहेत आणि मी चौघांकडे संशयानं बघतो, हेही माझ्याच रजिस्टराचं देणं.

शनिवारी मी पुन्हा वसतिगृहाच्या मागच्या दारी गेलो. तिला पत्र आणि उत्तर दोन्ही वाचून दाखवलं. आणि हेही सांगितलं की आमच्यातलंच कोणीतरी बाहेर बोलतंय, कोण ते मला माहीत नाही. येणं तुझ्यासाठी धोक्याचं आहे. येऊ नको असं सांगायचा मला अधिकार नाही, ये असं सांगायची हिंमत नाही.

ती तांदूळ निवडत होती. एक खडा तिनं बाजूला टाकला.

"उद्या मी येते का नाय," ती म्हणाली, "ते तुम्हाला सांगनार नाय, बाबा."

"बरं," मी म्हणालो.

"तुम्ही इचारूबी नका."

"नाही विचारणार."

"आणि बघूबी नका. तुम्ही बघितलं की तुमच्या त्वांडावर येतं."

हे मात्र बरोबर होतं. माझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं. उद्या कोणी मला समोर बसवून विचारलं की सत्तेचाळीस नंबर आजही येते का, तर मी खोटं बोलू शकणार नाही आणि गप्पही बसू शकणार नाही, हा माझा इतिहास आहे. तेव्हा मला खरोखरच माहीत नसणं हा एकच उपाय होता.

अडचण अशी की सूचना वाचायला पुढे उभं राहावं लागतं, तोंड लोकांकडे करून. रविवारी माझं नाव पुकारल्यावर मी उठलो, पुढे गेलो, आणि चष्मा काढून खिशात घातला. चष्म्यावाचून मला हातभराच्या पुढचं दिसत नाही. समोर नुसते रंगांचे डाग. हातातला कागदही डागच. सूचना मी पाठ करून आलो होतो, पण दुसऱ्या वाक्याला घसरलो. महिलांची सभा मी पहाटे पाचला लावली. नाताळचं स्नेहभोजन दफनभूमीच्या पटांगणात जाहीर केलं, तिथं खरं तर स्वच्छतेचं श्रमदान होतं. हॉल हसू लागला. पुढच्या बाकांवरून, डावीकडून, उजवीकडून. पंच बसतात तिकडूनही हसू आलं, चार आवाजांचं, आणि त्यातला बाहेर बोलणारा आवाज कोणाचा ते मला चष्मा लावूनही दिसलं नसतं.

अगदी मागे, दाराजवळच्या बाकावर काहीतरी निळसर होतं. साडी असेल. खिडकीचा पडदा असेल. मी डोळे तिकडे नेले नाहीत. सायखेड्याचे गृहस्थ पुढून कुजबुजले, अहो, चष्मा लावा. मी म्हणालो, घरी राहिला. दिवसातलं पहिलं खोटं. मग पुढची सूचना, जशी आठवली तशी, मोठ्यानं वाचू लागलो.